३६ हजारांचा एसी घरात लागेपर्यंत ५८ हजार का होतो

नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या कुठल्याही मोठ्या दुकानात दीड टनाच्या थ्री-स्टार इन्व्हर्टर स्प्लिट एसीचा भाव साधारण ३३ ते ४० हजारांच्या मध्ये असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा किमती थोड्या खाली आल्या. काटोल, उमरेड, सावनेर, रामटेक अशा आसपासच्या गावांची मंडळी हाच आकडा डोक्यात धरून नागपूरला येतात, डबा गाडीत टाकतात आणि घरी जातात. खरा खर्च तिथून सुरू होतो. शहरातल्या नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरने एसी पॉइंट, जाड वायर आणि अर्थिंग आधीच दिलेलं असतं. गावातल्या वीस-पंचवीस वर्षं जुन्या घरात यातलं काहीच नसतं. त्यात व्होल्टेज संध्याकाळी बसतं, खोली वरच्या मजल्यावर असते आणि स्लॅब दिवसभर उन्हात तापलेला असतो.

माझं म्हणणं एवढंच की मशीनवर पाच हजार कमी घाला, पण वायर, अर्थिंग आणि स्लॅब यावर हात आखडू नका. लोक नेमकं उलटं करतात, आणि मे महिन्यात एसी बंद पडला की कंपनीच्या नावाने खडे फोडतात.

आधी किती टनाचा घ्यायचा ते ठरवू. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, म्हणजे जवळपास साडेतीन किलोवॅट उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची ताकद. दुकानदार म्हणतात, १२० चौरस फुटांना एक टन पुरतो. खालच्या मजल्यावरच्या, पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड असलेल्या खोलीसाठी ते खरं आहे. वरच्या मजल्यावर नाही. मे महिन्यात रात्री आठ वाजता स्लॅबच्या खालच्या बाजूला हात लावून बघा, चटका बसत नाही पण तळहात गरम होतो. तिथलं तापमान सहज ४० अंशांच्या आसपास असतं. दहा बाय बाराच्या खोलीचं छत सुमारे ११ चौरस मीटर. खोली २६ अंशांवर ठेवायची म्हटली की ढोबळ हिशोबाने एकटा स्लॅबच एक किलोवॅटच्या वर उष्णता खाली टाकत असतो. म्हणजे एक टनाच्या मशीनची जवळपास एक तृतीयांश ताकद माणसांपर्यंत पोचायच्या आधीच छताने खाल्ली.

दुसरी गोष्ट डब्यावर ठळक लिहिलेली नसते. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश तापमान धरून. स्टार ठरवणारा आयएसईईआर हा आकडा, म्हणजे खाल्लेल्या विजेच्या मानाने हंगामभरात मशीन किती थंडावा देतं त्याचं माप, बाहेरच्या २४ ते ४३ अंशांच्या हिशोबावर निघतो. नागपुरात मे महिन्यात ४४-४५ नेहमीचंच, आणि २३ मे २०१३ ला ४७.९ नोंदलं गेलं होतं. भिंतीला लागून असलेल्या आउटडोअरच्या (एसीच्या बाहेरच्या युनिटच्या) आजूबाजूची हवा वेधशाळेच्या आकड्यापेक्षाही गरम असते. तेवढ्या उष्म्यात मशीनची ताकद दहा-पंधरा टक्के, कधी त्याहूनही जास्त उतरते. म्हणून वरच्या मजल्यावरच्या १२० चौरस फुटांच्या खोलीला दीड टन घ्या. खालच्या मजल्यावरच्या त्याच खोलीला एक टन पुरे. खरेदी करताना माहितीपत्रकात ‘४६ अंशांवरची क्षमता’ किंवा ‘५२ अंशांपर्यंत चालतो’ असं काय लिहिलंय ते वाचा. यातला पहिला आकडा कामाचा. दुसऱ्याचा अर्थ मशीन बंद पडणार नाही इतकाच, ते किती थंड करेल हे त्यातून कळत नाही.

टिनाच्या किंवा कवेलूच्या (कौलांच्या) छताखाली सीलिंग न करता एसी लावणं म्हणजे पैसे जाळणं. कवेलूच्या फटींतून हवा जाते आणि टिन तर दुपारी तव्यासारखा तापतो. तिथे आधी फॉल्स सीलिंग आणि त्यावर थर्मोकोल किंवा ग्लासवूलचा थर हवा. तेवढी तयारी नसेल तर डेझर्ट कूलरच बरा.

थ्री-स्टार की फाइव्ह-स्टार हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. लेबलवर लिहिलेले वर्षाचे युनिट १६०० तासांच्या वापराचे असतात. दीड टनाच्या थ्री-स्टारवर साधारण ९५० ते १०००, फाइव्ह-स्टारवर ७५० ते ८०० असे आकडे दिसतील. म्हणजे १६०० तासांत फरक २०० युनिटांचा. आपल्याकडे रात्री आठ तास, एप्रिल ते जूनचा मध्य आणि थोडी ऑक्टोबर हीट धरली तर वापर ८०० तासांच्या आसपास जातो. मग बचत १०० युनिट, आणि युनिटला १५ रुपये धरले तर वर्षाला दीड हजार. किमतीतला फरक सात ते नऊ हजारांचा. तो भरून निघायला पाच-सहा वर्षं लागतील. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल आणि एसी दिवसाही चालणार असेल तर फाइव्ह-स्टार घ्या. त्याची आउटडोअर कॉइल मोठी असते आणि भर उन्हात ती कमी दमते. फक्त रात्रीच्या झोपेपुरता हवा असेल तर थ्री-स्टार घ्या आणि उरलेले पैसे खाली सांगतो त्या कामांत घाला. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून स्टारचे निकष बदलून कडक झाले आहेत, त्यामुळे दुकानात पडून असलेल्या मागच्या साठ्याचे पाच स्टार आणि नवे पाच स्टार एक नाहीत. तारे मोजत बसू नका, लेबलवरचा आयएसईईआर आणि लेबल कुठल्या काळासाठी लागू आहे ते वाचा.

वायर, जिथे सगळे पैसे वाचवतात

दीड टनाचा इन्व्हर्टर एसी भर उन्हात १६०० वॉटच्या आसपास ओढतो. २३० व्होल्टला हा करंट ७ अँपिअर होतो. तेच व्होल्टेज १८० वर आलं की इन्व्हर्टर मशीन आपली ताकद टिकवण्यासाठी जवळजवळ ९ अँपिअर ओढतं. मध्ये स्टॅबिलायझर असेल तर त्याचा स्वतःचा खर्च धरून साडेनऊ. म्हणजे व्होल्टेज जितकं बसेल तितकी तुमची वायर जास्त तापते. हे अनेकांना उलटं वाटतं, आणि म्हणूनच ‘एवढा कमी व्होल्टेज, वायरला काय होणार’ असं म्हणत खोलीतल्याच १५ अँपिअरच्या सॉकेटवर एसी टाकतात. त्या सॉकेटमागे बहुतेक वेळा एक किंवा दीड स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) जुनी वायर असते आणि वाटेत दोन-तीन ठिकाणी टेपने गुंडाळलेले जोड असतात. आधी जोड काळे पडतात, मग प्लगची पिन वितळते.

एसीला थेट मेन बोर्डापासून वेगळी लाइन ओढा, मध्ये एकही जोड नको. १० मीटरच्या आत असेल तर अडीच स्क्वेअर तांब्याची वायर चालते, पण माझ्या मते गावात सरळ चार स्क्वेअरच टाका. अंतर १५ मीटरच्या पुढे असेल तर चारशिवाय पर्यायच नाही. फेज आणि न्यूट्रल चारची, अर्थ अडीचची. १२ मीटर अंतर धरलं तर २४ मीटर चारची आणि १२ मीटर अडीचची वायर लागेल. चार स्क्वेअर सध्या मीटरला ६० ते ८० आणि अडीच ४० ते ५० च्या घरात पडते. तांब्याचा भाव हलला की हेही हलतं. तेव्हा वायरचे सव्वादोन हजारांच्या आसपास धरा, केसिंग-पट्टीचे पाचशे, आणि २० अँपिअरचा सी-कर्व्ह प्रकारचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), एसी बॉक्स, प्लगटॉप मिळून बाराशे. इलेक्ट्रिशियनची मजुरी दीड हजार. एमसीबी ३२ अँपिअरचा टाकू देऊ नका. ‘ट्रिप होणार नाही’ म्हणून मोठा टाकतात, पण एमसीबीचं कामच वायर जळायच्या आधी ट्रिप होणं आहे.

घरी बॅटरीवाला इन्व्हर्टर असेल तर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. एसीचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही इन्व्हर्टरच्या आधी, मेनमधूनच निघाले पाहिजेत. जवळ सापडला म्हणून मिस्त्री खोलीच्या बोर्डातला न्यूट्रल एसीला जोडून देतो. तो इन्व्हर्टरच्या लाइनचा असला की लाइट गेल्यावर इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवतो किंवा आरसीसीबी (विजेची गळती पकडणारा स्विच) उगाच पडत राहतो, आणि मग एसीत दोष शोधला जातो.

व्होल्टेजचं दुखणं नक्की कुठे आहे हे शोधायला साधा मल्टिमीटर पुरतो. रात्री नऊच्या सुमारास, म्हणजे गावातले सगळे कूलर-पंखे सुरू असताना, मीटरजवळच्या मेन स्विचवर व्होल्टेज बघा. मग गीझर किंवा इस्त्रीसारखं जड काहीतरी एसीच्या पॉइंटवर लावून दोन्हीकडे पुन्हा बघा. मेनवर २१५ आणि पॉइंटवर २०० दिसलं तर दोष घरच्या वायरिंगचा. मेनवरच लोड लावताक्षणी पंधरा-वीस व्होल्ट पडले तर खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर बारीक आहे किंवा खांबावरचा जोड ढिला आहे. आणि लोड नसतानाही मेनवर १८० असेल तर ट्रान्सफॉर्मरवर ताण आहे. त्याला घरात उपाय नाही, १९१२ वर फोन करा किंवा महावितरणच्या उपविभागात लेखी तक्रार द्या, शेजारच्या चार घरांच्या सह्या घेऊन दिली तर उत्तम.

त्याच फेरीत बिलावरचा मंजूर भार बघून घ्या. जुन्या जोडणीत अर्धा किंवा एक किलोवॅटच लिहिलेला असतो. एसी लावणार असाल तर तो तीन किलोवॅटच्या आसपास करून घ्या, अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर करता येतो. गावातल्या सगळ्यांनी गुपचूप एसी लावले आणि भार मात्र कागदावर एक किलोवॅटच राहिला, तर मोठा ट्रान्सफॉर्मर मागायला महावितरणकडे कागदच नसतो.

स्टॅबिलायझर घ्यायचा की नाही? डब्यावर ‘स्टॅबिलायझर-फ्री’ लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरांत १४५ ते २८५ व्होल्ट असं काहीतरी. त्याचा अर्थ, या मर्यादेत मशीन चालेल. बाहेर गेलं की बंद पडेल, आणि व्होल्टेज फारच वर गेलं तर पीसीबी, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, जाईल. इन्व्हर्टर एसीचा आउटडोअर पीसीबी बदलायला आठ ते पंधरा हजार लागतात. गावात वीज परत येते तेव्हा झटका येतो, आणि खांबावरचा न्यूट्रल सुटला तर सिंगल फेजच्या घरात साडेतीनशेच्या वर व्होल्टेज येऊ शकतं. तेव्हा तुमच्याकडे व्होल्टेज १७० च्या खाली जात असेल किंवा वीज वारंवार ये-जा करत असेल तर चार केव्हीएचा, तांब्याच्या वाइंडिंगचा, हाय-कट (व्होल्टेज फार वाढलं की वीज तोडणारा) आणि तीन मिनिटांचा टाइम-डिले (वीज आल्यावर थांबून सुरू करणारा) असलेला घ्या. साडेतीन ते पाच हजार. रात्रभर व्होल्टेज २०० च्या वर टिकत असेल तर हे पैसे वाचवा.

अर्थिंग कुणाला दिसत नाही म्हणून कुणी करत नाही. विदर्भातली काळी माती पावसाळ्यात छान ओली असते, पण एप्रिल-मेमध्ये तिला हातभर भेगा पडतात, खड्डा कोरडा होतो आणि पावसाळ्यात नीट असलेलं अर्थिंग ऐन गरजेला मेलेलं असतं. नागपूरच्या पश्चिमेला, काटोलच्या वाटेवर, दोन-तीन फुटांवरच काळा पाषाण लागतो. तिथे दहा फुटांचा रॉड ठोकता येत नाही, बोअरिंग करून केमिकल भरावं लागतं आणि खर्च वाढतो. साधारण तीन ते पाच हजारांत घराचं एक चांगलं अर्थिंग होतं. खड्डा बाथरूमच्या सांडपाण्याजवळ किंवा झाडांना पाणी घालतो तिथे घ्या, म्हणजे उन्हाळ्यात ओलावा राहील. एसी चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर अर्थिंग आणि न्यूट्रल दोन्ही पुन्हा तपासून घ्या. हे सगळं सरकारमान्य इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

मशीन बसवताना

कंपनीचा माणूस नागपूरहून येणार असेल तर हद्दीबाहेरचे पैसे लागतात का, हे खरेदीच्या वेळीच विचारून बिलावर लिहून घ्या. इन्स्टॉलेशनचे साधारण सतराशे, आउटडोअरच्या स्टँडचे सहाशे ते हजार, भिंतीला भोक पाडायचे तीन-चारशे. मशीनसोबत बहुतेक वेळा तीन मीटर तांब्याची पाइप येते. त्यापुढे मीटरला सातशे ते हजार. म्हणून इनडोअर आणि आउटडोअर जवळ ठेवायचा मोह होतो आणि पश्चिमेच्या भिंतीला आउटडोअर टांगलं जातं. दुपारी तीन ते सहा थेट ऊन खाणाऱ्या त्या मशीनला वर्षानुवर्षं जास्त वीज लागते. दोन मीटर पाइप जास्त गेली तरी चालेल, उत्तर किंवा पूर्वेची भिंत धरा. मागे किमान एक वीत आणि समोर तीन फूट मोकळं हवं. दोन घरांमधल्या अडीच फुटी बोळात आउटडोअर लावलं तर समोरच्या भिंतीवर आपटून तीच गरम हवा परत आत ओढली जाते. गच्चीवर ठेवायचं तर स्लॅबपासून दीड-दोन फूट उंच स्टँडवर ठेवा आणि वर दोन फूट अंतर सोडून हिरवी जाळी लावा. चारी बाजूंनी मात्र झाकू नका.

उघड्या नालीच्या किंवा सेप्टिक टँकच्या व्हेंटच्या वर आउटडोअर नको. तिथून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूने तांब्याची कॉइल काळी पडून दोन-तीन वर्षांत बारीक छिद्रं पडतात आणि गॅस गळतो. दरवर्षी गॅस भरणारा माणूस हे सांगत नाही. रामटेकसारख्या माकडांच्या गावात पाइपवरचं काळं फोम उघडं ठेवू नका, पीव्हीसी पाइपमधून किंवा पत्र्याच्या कव्हरमधून न्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आर-३२ गॅसच्या मशीनला पाइप जोडल्यावर व्हॅक्यूम पंपाने आतली हवा काढलीच पाहिजे, किमान वीस मिनिटं. गर्दीच्या दिवसांत माणूस पंप आणतच नाही. मशीनमधलाच थोडा गॅस सोडून ‘हवा काढली’ म्हणतो. आत राहिलेली हवा कंडेन्सरमध्ये अडकते आणि प्रेशर वाढवते, ओलावा तेलात मिसळून आम्ल तयार करतो आणि कॉम्प्रेसर आतून खातो. मार्चमध्ये बसवलं असेल तर यातलं काहीच जाणवत नाही, मशीन मस्त थंड करतं. नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागतो, बाहेर ४५ होतात, आधीच वाढलेलं प्रेशर मर्यादेबाहेर जातं आणि मशीन दुपारी थांबून-थांबून चालायला लागतं. तोवर बसवणारा माणूस कुणाला आठवत नाही. म्हणून तो नागपूरहून निघायच्या आधीच फोनवर सांगा, ‘व्हॅक्यूम पंप घेऊन या, नाहीतर येऊ नका.’

पंप बंद केल्यावर गेजची सुई दहा मिनिटं जागेवरून हलता कामा नये. हलली तर फ्लेअर नटमधून, म्हणजे पाइपच्या पसरट तोंडावरच्या जोडातून, गळतंय. नट आवळायलाही माप असतं. पाव इंचीला दीड किलोग्रॅम-मीटर आणि अर्धा इंचीला पाचच्या आसपास टॉर्क लागतो. ताकद लावून आवळला की फ्लेअरला चीर जाते आणि सहा महिन्यांनी गॅस संपतो. गॅस सोडल्यावर चारही नटांवर साबणाचा फेस लावून बघायला सांगा. जास्तीची पाइप ०.८ मिमी जाडीची हवी. स्वस्त पाइप ०.५ ची असते, हाताने दाबली तर सहज चपटी होते. दोन्ही पाइपांना वेगवेगळं इन्सुलेशन, एकत्र गुंडाळलेलं नको. गॅस पुन्हा भरायला अडीच ते साडेतीन हजार लागतात, म्हणजे पंपाची वीस मिनिटं किती मोलाची ते बघा.

ड्रेन पाइपला मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार हवा. बसवून झालं की इनडोअरच्या ट्रेमध्ये एक लिटर पाणी ओतून ते बाहेर पडतं का बघा. इथली एक गंमतीची गोष्ट म्हणजे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की ड्रेनमधून पाणी जेमतेम ठिबकतं. लोकांना वाटतं गॅस कमी आहे. जुलैत तेच मशीन बादल्या भरेल, आणि उतार चुकलेला असेल तर तेव्हाच भिंतीवरून ओघळ येतील. ते पाणी बॅटरीत घालू नका, ते डिस्टिल्ड वॉटर नाही, त्यात कॉइलवरची धूळ असते.

कूलरची खिडकी हा आपल्या भागाचा खास प्रश्न. विदर्भातल्या घरांत कूलरच्या मापाने खिडकीचं भोक काढलेलं असतं आणि एसी लावल्यावर तिथे पुठ्ठा ठोकतात. त्या फटींतून येणारी ४२ अंशांची हवा एसी रात्रभर थंड करत बसतो. दोन प्लायमध्ये थर्मोकोल घालून, कडेला फोमची पट्टी लावून ती नीट बंद करा. सात-आठशे रुपयांचं काम. आणि संध्याकाळी त्याच खोलीत कूलर चालवून रात्री एसी लावू नका. कूलरने गाद्या, पडदे, भिंती सगळं ओलसर झालेलं असतं. एसीचे पहिले दोन तास ते पाणी काढण्यातच जातात. दिवसा कूलर पुढच्या खोलीत आणि रात्री एसी निजायच्या खोलीत, हे मात्र उत्तम जमतं, आणि जूनच्या मध्यापर्यंत बिलही आटोक्यात राहतं. पाऊस लागला की कूलरचा उपयोग संपतो.

स्लॅबचं काम एसीच्या आधी करा, नंतर नाही. खोलीच्या वरचा भाग आणि भोवती थोडं जास्त धरून २०० चौरस फुटांवर पांढरा उष्णतारोधक रंग दोन हात, मजुरीसह चौरस फुटाला वीसच्या आसपास, म्हणजे चार हजार. तेवढेही नसतील तर चुना आणि फेव्हिकॉल कालवून लावा, पाचशे-सहाशेत होतं, पण दर उन्हाळ्यात पुन्हा लावावं लागतं. रंग देण्याआधी गच्ची घासून धुवा, नाहीतर पहिल्याच पावसात पापुद्रे निघतात. सोलरचा विचार असेल तर पॅनल याच खोलीवर येतील असं बघा, त्यांच्या सावलीचा स्लॅबला फायदा होतो. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे.

आता बेरीज. मशीन ३६,०००. इन्स्टॉलेशन, स्टँड, भोक आणि दोन मीटर जास्तीची पाइप मिळून ४,७००. वायर, एमसीबी, बॉक्स, केसिंग आणि मजुरी ५,४००. अर्थिंग ३,५००. स्टॅबिलायझर ४,०००. स्लॅब ४,०००. कूलरची खिडकी ८००. झाले ५८,४००. घर नवं असेल, व्होल्टेज चांगलं असेल आणि खोली खालच्या मजल्यावर असेल तर यातले बारा-पंधरा हजार सहज गळतात.

महिन्याच्या बिलाचाही अंदाज हवा. २६ अंशांवर, पंखा लावून, रात्री आठ तास चालवला तर मे महिन्यात रोज सात ते नऊ युनिट, म्हणजे महिन्याला २१० ते २७०. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. घरचा नेहमीचा वापर खालचे टप्पे खातो आणि एसीचे युनिट वरच्या महागड्या टप्प्यांत जाऊन पडतात. त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क. म्हणून बिलाच्या एकूण रकमेला युनिटने भागून जो सरासरी दर येतो तो एसीला लावू नका, वरच्या टप्प्याचा लावा. सरसकट १४ रुपये धरले तरी २४० युनिटांचे तीन हजार ३६० होतात. त्या मानाने २०० वॉटचा कूलर दहा तास चालला तर महिन्याला ६० युनिट.

खरेदी फेब्रुवारीत करा, फार तर होळीच्या आधी. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बसवणारा माणूस दिवसाला सहा-सात घरं करतो, आणि सहाव्या घरी व्हॅक्यूम पंप गाडीतून खाली उतरत नाही. देखभालीत फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला राख आणि उमरेडकडे कोळशाची धूळ आउटडोअरच्या पात्यांमध्ये बसते. मेन बंद करून साध्या पाइपने महिन्यातून एकदा ती धुऊन काढा. जोरदार प्रेशरचा फवारा नको, पाती वाकतात.

पैसे हातात द्यायच्या आधी मशीन तासभर चालवा. इनडोअरमध्ये आत जाणाऱ्या आणि त्यातून बाहेर येणाऱ्या हवेत दहा ते चौदा अंशांचा फरक दिसला पाहिजे. क्लॅम्प मीटरने करंट मोजून घ्या आणि तो आकडा, तेव्हाचं व्होल्टेज आणि बाहेरचं तापमान वॉरंटी कार्डाच्या मागे पेनाने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कुणी ‘गॅस कमी झालाय’ म्हणालं तर आधी त्या आकड्याशी ताडून बघता येईल.